सात लिव्हरची केबिन : प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना हाताळता येईल असं काहीतरी ठेवायचं, ही आमच्या वसाहतीची जुनी पद्धत. यंदा माझ्या डोक्यात रेल्वेची केबिन आहे, म्हणजे जिथून लिव्हर ओढून सिग्नल हलवतात आणि रूळ वळवतात ती खोली. थर्माकोलची नाही. लिव्हर ओढला की सिग्नलचा हात पडेल आणि नको तो लिव्हर ओढायला गेलं तर तो जागचा हलणार नाही, अशी. मंडळाने होकार दिलाय. पैसे बेताचे, जागा मात्र ऐसपैस.

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या माणसाला हा विषय सुचला यात नवल नाही. महू, पाताळपाणी, कालाकुंड, नर्मदा ओलांडून खंडवा, ही मीटरगेज, म्हणजे मीटरभर रुंदीच्या रुळांची लाइन, आमच्या पिढीने भरपूर वापरली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये या मार्गासाठी एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, एकशे एक वर्षांच्या मुदतीवर. इंदूरकर ही गोष्ट छाती फुगवून सांगतो, मीही सांगतो. पण त्या रुळांवर रात्री तीन वाजता सिग्नल कोण पाडायचं हे विचारा. सांगणारी माणसं आता थोडी उरलीत. त्यांतले एक मागच्या गल्लीतच राहतात. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे.

८ जून

काका लिव्हरमन म्हणून लागले आणि केबिनमधूनच निवृत्त झाले. आधी खंडव्याच्या बाजूची मीटरगेज, मग रतलामकडे. मी वहीत लिव्हरच्या फ्रेमचं चित्र काढून नेलं होतं. त्यांनी चष्मा चढवला, चित्र उलटसुलट केलं आणि विचारलं, "खिडक्या कुठेत?"

खिडक्या शेवटी बघू, आधी लॉकिंग, म्हणजे लिव्हर एकमेकांना अडवतात ती जोडणी, असं मी म्हटलं.

"लॉकिंग खाली असतं रे. तळमजल्यावर, अंधारात. ते बघायला मेंटेनर येतो. आम्ही वर. तीन बाजूंनी काच, आणि ती काच पुसायचं कामही आमचंच."

कुठल्याही खऱ्या स्टेशनची नक्कल करायची नाही असं ठरलं. नक्कल केली की कोणीतरी येऊन खोडी काढतो, आणि इंदुरात असे जाणकार गल्लोगल्ली आहेत. तेव्हा एकेरी मार्गावरचं, मनातलं स्टेशन: एक मेन लाइन, तिच्या बाजूला एक लूप लाइन, आणि सगळं एकाच केबिनच्या हातात.

गाडी येते ती बाजू अशी मांडली. सगळ्यांत आधी लागतो आउटर, सगळ्यांत बाहेरचा सिग्नल. त्याच खांबावर, खालच्या अंगाला, टोकाला त्रिकोणी खाच कापलेला वॉर्नरचा हात. मग स्टेशनात शिरू देणारा होम, दोन हातांचा: एक मेनसाठी, एक लूपसाठी. मग सांधा, रूळ मेनकडून लूपकडे वळतो ती जागा. हात पडला म्हणजे चल, आडवा म्हणजे थांब. वॉर्नर पडलेला दिसला की ड्रायव्हरला कळतं, मेन लाइनने थेट निघून जायचंय, स्टेशनात थांबणं नाही. आउटर आणि होम पडलेत पण वॉर्नर आडवाच आहे, तर वेग आवरायचा, पुढे थांबावं लागणार.

लिव्हर असे: १ वॉर्नर, २ आउटर, ३ मेनचा होम, ४ लूपचा होम, ५ सांध्याचं कुलूप, ६ सांधा, ७ मेनचा स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून निघू देणारा सिग्नल. पलीकडच्या टोकाचा सांधा कायम मेनलाच आहे असं धरलंय, नाहीतर फ्रेम दुप्पट होते आणि माझा ऑगस्ट संपतो.

१५ जून

आज हत्यार हातात घेतलं नाही, दिवसभर कागद. कोण कोणाला अडवतं त्याचा तक्ता.

सांधा कुलूपबंद झाल्याशिवाय, म्हणजे ५ ओढल्याशिवाय, ३ किंवा ४ हलत नाही. ३ ला सांधा मेनकडे हवा, ४ ला लूपकडे. ३ आणि ४ एकाच वेळी कधीच नाही. दोघांपैकी एक होम पडल्याखेरीज आउटर पडत नाही. वॉर्नर सगळ्यांत शेवटी: २, ३ आणि ७ तिन्ही पडल्यावरच. त्याचं कारण उघड आहे. वॉर्नर पाहून ड्रायव्हर वेग ठेवतो, तेव्हा पुढचं सगळं पक्कं झाल्याशिवाय तो शब्द द्यायचाच नाही.

गंमत म्हणून मोजदाद केली. सात लिव्हर, प्रत्येकाच्या दोन स्थिती, म्हणजे १२८ मांडण्या. त्यांतल्या नियमात बसणाऱ्या फक्त १७. बाकी १११ मांडण्या लोखंडानेच अशक्य करायच्या आहेत. इतकंच करूनही भागत नाही, क्रमही सांभाळावा लागतो. ५ ओढलेला असताना ६ कुठल्याच बाजूला हलता कामा नये. कुलूप असलेला सांधा इकडून तिकडे गेला तर दोन्ही टोकांच्या मांडण्या तक्त्यात कायदेशीरच दिसतात, पण मधल्या क्षणी गाडीची चाकं सांध्यावर असली तर काय? म्हणून ५ आणि ६ मधली खाच दोन्ही स्थितींत अडवणारी हवी.

गाडी मेनला घेऊन थांबवायची तर ५, ३, २. थेट सोडायची तर ५, ३, २, ७, १. लूपला घ्यायची तर ६, ५, ४, २. परत लावताना उलट क्रम. काकांना फोनवर सतराचा आकडा सांगितला. "आम्ही कधी मोजलं नाही बुवा. जिथे अडायचा तिथे हात अडायचा."

ही कल्पना जॉन सॅक्सबीची, इंग्लंडातलं पेटंट १८५६ चं. आपल्याकडे १८९० च्या दशकात नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर लिस्ट आणि मॉर्स या दोघांनी किल्ल्यांची स्वस्त पद्धत बसवली: सांधेवाल्याने सांध्याला कुलूप घालायचं, किल्ली चालत स्टेशनात आणायची, ती किल्ली लागली की मगच सिग्नल मोकळा. लहान स्टेशनांना तेवढं पुरत असे. मुलांना किल्लीची गोष्ट चटकन कळेल, फलकावर ती आधी घ्यावी.

२२ जून

सियागंजमधून पितळी पट्टी, बेअरिंग, सायकलच्या ब्रेकची वायर, छोट्या पुल्या. लाकडी चौकट सुताराकडून. लॉकिंगच्या पट्ट्या पोलोग्राउंडच्या एका लेझर कटिंगवाल्याकडे दिल्या. तीन मिलिमीटरचं पोलाद. ॲक्रिलिक स्वस्त पडलं असतं, पण गणपतीत मुलं जोर लावून ओढणार, खाच तुटली की सगळा धडाच उलटा होईल.

खऱ्या केबिनमध्ये सांध्यापर्यंत लोखंडी सळई जाते आणि सिग्नलपर्यंत वायर. सांधा दोन्ही बाजूंना ढकलावा-ओढावा लागतो, वायर ढकलता येत नाही. आपल्या मॉडेलमध्येही सांध्याला सळईच.

२९ जून

लॉकिंगची जुळणी. प्रत्येक लिव्हरच्या बुडाला एक उभी पट्टी, तिच्या कडेला तिरप्या खाचा. दोन पट्ट्यांच्या मधे आडवा सरकणारा ठोकळा. एक पट्टी हलली की तिची खाच ठोकळ्याला बाजूला ढकलते, ठोकळा शेजारच्या पट्टीच्या खाचेत जाऊन बसतो, आणि ती पट्टी अडकते. यात वीज नाही, स्प्रिंग नाही. जोर लावणाऱ्याचाच जोर त्याला अडवायला वापरलेला आहे.

३ आणि ४ चं भांडण पाच मिनिटांत जमलं. वेळ गेला तो आउटरवर. 'अमुक असेल तरच' हे खाचेला सहज जमतं. 'हा किंवा तो' जमत नाही. २ मोकळा व्हायला ३ चालतो किंवा ४ चालतो. शेवटी मधोमध खिळलेली एक आखूड दांडी घेतली. तिचं एक टोक ३ च्या पट्टीवर, दुसरं ४ च्या, आणि खिळीचा ठोकळा २ च्या खाचेत. दोन्ही टोकं अडलेली असतील तर २ पक्का. कुठलंही एक टोक खाचेत उतरलं की मधला ठोकळा मागे सरतो आणि २ सुटतो. त्यासाठी ३ आणि ४ च्या खाचा दुप्पट खोल केल्या.

भाची मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती दांडीकडे बघून म्हणाली, "मामा, हे ओआर गेट आहे." असेल.

६ जुलै

काकांकडे चहा, पोहे आणि काकू. काका एकशब्दी, काकू बोलायला लागल्या की वही पुरत नाही.

त्यांचं क्वार्टर स्टेशनला लागून होतं. आडगाव, रात्री चिटपाखरू नाही, शेजारच्या स्टेशनाचे इशारे देणारी ब्लॉकची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची. तिची भाषा त्यांना पाठ आहे. एक टोला: लक्ष द्या, फोन घ्या. दोन: लाइन क्लिअर आहे का? तीन: गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या रुळांवर, शिरली. चार: गाडी बाहेर पडली, सेक्शन मोकळा. पाच: आधीचं रद्द. सोळा: घंटा तपासतोय.

"तीन पडले की मी पोळ्या टाकायला घ्यायची. गाडी येऊन पुढे गेली की यांना मधे थोडा वेळ असायचा, तेवढ्यात डबा पोचला पाहिजे. आणि सहा टोले म्हणजे धोका. ते मी एकदाच ऐकले. त्या दिवशी डबा होता तसा परत आणला."

काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, काकांनी चहाचा कप उचलून ठेवला. मी विचारलं नाही.

मग टोकनचा विषय निघाला आणि काका खुलले. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी. त्याचा पुरावा म्हणजे टोकन, एक पोलादी गोळा, 'नील' नावाच्या यंत्रातला. दोन्ही स्टेशनांवर एकेक यंत्र, विजेच्या तारेने जोडलेली. पलीकडच्याने संमती दिल्याशिवाय इकडचा गोळा निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नाही. गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. शेजारच्या सेक्शनच्या गोळ्याचा घाट वेगळा, म्हणजे चुकून इकडचा गोळा तिकडच्या यंत्रात टाकायला गेलं तर बसणार नाही. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला, आणि धावत्या इंजिनातून फायरमन हात घालून ते कडं उचलणार. रात्री मशाल धरून उभं राहायचं. "कडं दंडावर नीट बसलं नाही तर खांदा निखळायचा," काका म्हणाले आणि उजवा खांदा फिरवून दाखवला.

मॉडेलमध्ये टोकन घ्यायचं की नाही? यंत्र करणं या वर्षी शक्य नाही. कडं आणि गोळा मात्र ठेवायचाच. वेताचं कडं बुरुडाकडून आणता येईल.

१३ जुलै

पाऊस. गच्चीवरचं काम बंद, रंगकाम खोलीत.

लिव्हरचे रंग ठरलेले असतात: थांबा सांगणारे सिग्नल लाल, वॉर्नर हिरवा, सांधा काळा, कुलूप निळं, फाटकाचा तपकिरी, रिकामा पांढरा. आपल्याला लाल चार, बाकीचे एकेक. मुठी रंगवायच्या नाहीत, त्या घासून चकचकीत ठेवायच्या. काकांचा आग्रह: शेजारी एक फडकं हवंच. घामेजल्या हाताने मूठ धरली की सकाळपर्यंत गंज चढतो, म्हणून लिव्हर कायम फडक्यातून ओढायचा.

२० जुलै

सिग्नल उभे राहिले. खालच्या बाजूला पडणारे हात. आडवा म्हणजे थांब, खाली झुकला म्हणजे चल.

यात एक मेख आहे. हात खाली पडणारा असेल आणि वायर तुटली तर तो आपल्या वजनाने पडून 'चल' दाखवेल. म्हणून खांबाच्या बुडाशी वजनाची दांडी असते, ती हाताला कायम वर, आडव्या स्थितीत ढकलते. वायर ओढणारा माणूस त्या वजनाविरुद्ध ओढत असतो. वायर तुटली, माणूस मेला, काहीही झालं तरी हात आडवा. इंग्लंडात १८७६ च्या जानेवारीत ॲबट्स रिप्टनला बर्फ साचून हात 'चल'वरच गोठले, लिव्हर परत लावूनही वर आले नाहीत, आणि गाड्या आदळल्या. पुढे हात वर उचलणारे सिग्नल आले त्यामागचा विचार हाच, की सोडलं तर पडून 'थांब' व्हावं. वजन म्हणून आपण शिशाचे तुकडे लावलेत. प्रदर्शनात एक वायर मुद्दाम हुकने जोडलेली ठेवू. मुलांनी हुक काढावा आणि हात कुठे जातो ते पाहावं.

रात्रीसाठी दिवे. जुन्या सिग्नलची 'हिरवी' काच उजेडात धरली तर निळसर दिसते. आत रॉकेलची पिवळी ज्योत, पिवळ्यात निळं मिसळलं की दुरून हिरवं. पिवळट एलईडी लावून करून बघितलं, जमतंय.

खरा आउटर दूर असतो, त्यामुळे वायर लांब. मे महिन्यात ती सैल पडते, डिसेंबरात ताणली जाते. सकाळी कसलेली वायर दुपारी ढिली. लिव्हर पूर्ण ओढला तरी हात अर्धवट झुकतो, आणि अर्धवट हात म्हणजे ड्रायव्हरला शंका. केबिनमध्ये त्यासाठी वायर कसायचं चाक असे. "पाय फ्रेमला रोवायचा, पाठ मागे टाकायची. दंडाचं काम नाही ते," काका. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून ओढून दाखवलं, हातात लिव्हर नसताना. काकूंनी आतून ओरडून कंबरेची आठवण करून दिली.

२७ जुलै

आज काम थोडं, गप्पा जास्त.

स्टेशनमास्तर स्टेशनात, केबिन लांब. मास्तरने फोनवर सांगायचं: अमुक गाडी, अमुक लाइन. केबिनमनने ते म्हणून दाखवायचं आणि आपल्या छापील तक्त्यातला पुढचा आकडा द्यायचा. हा प्रायव्हेट नंबर. आकडे क्रमाने नसतात, त्यामुळे अंदाजे ठोकता येत नाहीत. दोघांनीही तो नोंदवायचा. उद्या चौकशी झाली तर 'मी सांगितलं', 'मी ऐकलंच नाही' याला जागा नाही. मला हा प्रकार लॉकिंगइतकाच हुशारीचा वाटतो. तिथे लिव्हर एकमेकांना बांधलेले, इथे दोन माणसं.

पावसाळ्यात घाटात ढग उतरले की सिग्नल दिसत नसे. मग रुळावर फटाके: पहिल्या सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे, एकमेकांपासून दहा मीटरवर दोन. चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळतं, सिग्नल जवळ आलाय. हे लावायला माणूस ढगात, पावसात, एकटा जाऊन बसायचा. पाताळपाणी ते कालाकुंड उतार चाळिसास एक आहे, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नसत. आणि पाताळपाणीला तंट्या मामांच्या, म्हणजे तंट्या भिल्लाच्या, देवस्थानापाशी थांबून, नमस्कार करून पुढे जायचं हा ड्रायव्हरांचा आपला वेगळा नियम. तंट्या भिल्लाला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिली. काका म्हणतात, ब्रेकही तपासला जायचा आणि नमस्कारही व्हायचा, कुठल्या कारणाने गाडी नीट उतरली ते कशाला विचारायचं.

कामाचे तास. लहान स्टेशनांवर कितीतरी जणांचं काम कागदोपत्री 'अधूनमधून'चं धरलं जाई आणि ड्यूटी बारा तासांची. दोन गाड्यांच्या मधे लिव्हर ओढायचा नसतो हे खरं, पण त्या वेळात झोपायचंही नसतं. आठ तासांची मागणी १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात होती. संपाबद्दल काका फार बोलत नाहीत. तेव्हा ते नोकरीत नवे होते.

३ ऑगस्ट

पूर्ण जुळणी, पहिली चाचणी. तक्ता हातात घेऊन भाचीने एकेक मांडणी करून पाहिली. सतरा होतात, बाकीच्या होत नाहीत. ३ ओढलेला असताना ती ५ ला लटकलीच, ५ ढिम्म.

मग काका पुढे आले. त्यांनी खेळातल्या गाडीचा लाकडी डबा उचलला, लूपवर मधोमध ठेवला आणि म्हणाले, "आता लूपला गाडी घे."

भाचीने ६ ओढला, ५ ओढला, ४ ओढला, २ ओढला. सगळे लिव्हर लोण्यासारखे आले. आउटर पडला, लूपचा होम पडला. समोर डबा उभा.

खोलीत कोणी काही बोललं नाही. काका म्हणाले, "बघ. तुझ्या फ्रेमला डबा दिसतो का?"

तक्त्यात कुठेही 'लूप रिकामी आहे' ही अट नाही. असूच शकत नाही. लिव्हरला रूळ दिसत नाहीत. सांधा आणि सिग्नल यांचं आपसांत जुळतंय का, एवढंच ते लोखंड बघतं. रुळावर काय उभं आहे ते बघायला वर काच होती आणि काचेमागे माणूस. गाडी गेली तर शेवटच्या डब्यामागचा दिवा गेला का, तोही त्यानेच पाहायचा. दिवा दिसला नाही तर गाडी तुटून अर्धी मागे राहिली असेल, आणि त्या खबरेसाठीही घंटेचा वेगळा इशारा होता: सहा, थांबून दोन.

भाचीचं म्हणणं, यात काय एवढं, रुळाखाली सेन्सर लावू, एक छोटा सोलेनॉइड, विजेने सरकणारी खिट्टी, ४ ला अडवेल. दोन तासांचं काम. चुकीचं नाही ते. रेल्वेनेही हेच केलं. ट्रॅक सर्किट अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये केलं: रुळांच्या तुकड्यातून हलका प्रवाह, तो रिलेला, विजेवर चालणाऱ्या कळीला, उचलून धरतो, चाकं आली की प्रवाह त्यांच्यातूनच आडवा वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल. रूळ तुटला तरी रिले पडतो, वायर तुटली तरी पडतो. लिव्हरच्या जागी बटणांचे पॅनेल आले, मग इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आलं, आणि केबिनी एकेक करून रिकाम्या झाल्या. जुनं तेच बरं होतं असं म्हणणारा मी नाही. माणूस पेंगतो, रिले पेंगत नाही. तरी वायर माणूसच जोडतो: २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळच्या अपघातात सिग्नल मेनचा हिरवा आणि सांधा लूपकडे. जोडणीत झालेली गडबड, आणि २९० हून अधिक माणसं गेली.

माझा कल सेन्सर न लावण्याकडे आहे. मुलांनी भरलेल्या लूपवर गाडी घेऊन बघावी.

१० ऑगस्ट

सेन्सरवरून घरात दोन तट. मंडळाचे सेक्रेटरी म्हणतात, गणपतीसमोर अपघात कसला दाखवता. भाची म्हणते, सेन्सरशिवाय हे अर्धवट दिसेल.

तोड काकांनी काढली. केबिनमध्ये लाल कड्या असतात. लाइन अडलेली असेल तर त्या लाइनच्या सिग्नलच्या लिव्हरला, मुठीखाली, कडी अडकवून ठेवायची. कडी असली की खटका दाबता येत नाही, लिव्हर सुटत नाही. ती काढायची तर हाताने, मुद्दाम, आठवणीने. फ्रेमला दिसत नाही ते माणसाने बघून फ्रेमच्या गळ्यात अडकवायचं.

पितळी पट्टीच्या वाकवून केल्या, लाल रंगवल्या. खिळ्याला टांगल्या. नियम असा: डबा ठेवणाऱ्याने कडी घालायची. कोणी आठवण करून द्यायची नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आज फिरोजाबादच्या रेल्वे अपघाताला तीस वर्षं झाली. २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे कालिंदी एक्स्प्रेसला नीलगाय आडवी आली, गाडी रुळावरच उभी राहिली. पुढची गाडी निघून गेली की नाही याची खात्री न करता मागून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला वाट दिली गेली. तीनशेहून जास्त माणसं मेली.

काका त्या वेळी नोकरीत होते. मी विचारलं, केबिनमध्ये काय बोलणं झालं होतं तेव्हा?

"काही नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळे खिडकीशी जास्त वेळ उभे राहायला लागले."

फलकावर फिरोजाबाद घ्यायचं ठरवलं, तीन ओळींत. केबिनमनचं नाव-गाव काही नाही. सेक्रेटरींनी वाचून मान हलवली आणि फलक जरा बाजूच्या भिंतीला लावा म्हणाले. ते चालेल.

२४ ऑगस्ट

खिडक्या बसवल्या! फ्रेमच्या समोर लाकडी चौकट, तीन बाजूंनी ॲक्रिलिक, पलीकडे रूळ आणि सिग्नल. लिव्हरपाशी उभं राहिलं की लूपचं टोक खांबाआड जातं, वाकून बघावं लागतं. भाची म्हणाली खांब हलवू. काकांनी हलवू दिला नाही.

लॉकिंगचा भाग उघडाच ठेवलाय, खाली काचेमागे, दिवा लावून. खऱ्या केबिनला तो झाकलेला असतो, पण ते ठोकळे सरकताना बघणं इतकं सुंदर आहे की लपवणं जिवावर आलं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सकाळी स्थापना, संध्याकाळी केबिन सुरू. गर्दी. लहान मुलं खाली बसून ठोकळेच बघत राहतात, मोठी माणसं आउटरवर जोर काढतात. एक आजोबा आले, लिव्हरला हात लावण्याआधी त्यांनी इकडेतिकडे बघून फडकं उचललं. काकांनी लांबूनच ओळखलं. पुढचा तासभर दोघं कोपऱ्यात.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी, गिरण्यांच्या झाक्या पाहून सगळे पहाटे घरी. आज फ्रेम सोडवली.

टिकलं काय: पोलादी पट्ट्या जशाच्या तशा. आउटरची दांडी एका बाजूने झिजली, खिळी जाड हवी. हुकची वायर मुलांनी इतक्या वेळा काढली की शिशाचं वजन सैल झालं. कड्यांचा रंग उडाला.

कडीचं बघत होतो. पहिले दोन-तीन दिवस बहुतेक जण डबा ठेवून लगेच लिव्हरकडे वळायचे आणि लूपवर गाडी घ्यायचे. पुढे मुलांनी आपणच वाटण्या केल्या: एक जण लिव्हरवर, एक खिडकीशी. खिडकीवाला 'मोकळी' म्हणाल्याशिवाय लिव्हरवाला हलत नसे. हे आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. बेसनाचे लाडू वाटायच्या वेळी मात्र दोघंही पळायचे आणि लूपवर डबा तसाच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर महूच्या एका शाळेला फ्रेम हवी आहे. तिथे न्यायची तर सुताराकडून पेटी.

काकांची मागणी वेगळी. दुसरं टोकही करा म्हणतात, आणि मधे स्टेशनमास्तरचं टेबल, म्हणजे प्रायव्हेट नंबर देता येतील. फ्रेमचं कापणीचं चित्र भाची करतेय. फोनसाठी जुन्या इंटरकॉमची जोडी रानीपुऱ्यात बघायची. आकड्यांचे तक्ते काका स्वतः लिहून देणार आहेत, क्रमाने नसलेले.